मीनाताईंचा डावा पाय

मीना खैरनार तायक्वांदोच्या क्लासला गेल्या त्या शिकायला म्हणून नाही, लेकीला सोडायला म्हणून. आभा तेव्हा दहा वर्षांची होती, अंगानं काडी आणि स्वभावानं गोगलगाय. वर्गातल्या पोरी तिचा डबा पळवायच्या आणि ही घरी येऊन गुपचूप पोळी-भाजी मागायची. कुणीतरी सांगितलं, नाशिकच्या गंगापूर रोडला एका शाळेच्या हॉलमध्ये कोरियन कराटे शिकवतात, पोरं धीट होतात. ते कराटे नव्हे, तायक्वांदो, हे मीनाताईंना तिथे गेल्यावर कळलं.

साल शहाण्णव, महिना जुलैचा. शिकवणारे दिनेश भोये सर पेठ तालुक्यातले. दिवसा अंबडच्या कारखान्यात मशिनवर असायचे, संध्याकाळी इथे. उंचीनं बेताचे, बोलायला कमी, पण लाथ उचलली की समोरच्याच्या कानाशी नुसता वारा लागायचा. पहिल्याच दिवशी आभा दारात आईचा पदर धरून उभी राहिली. काही केल्या आत जाईना.

"तू पण चल," ती म्हणाली. "तू आलीस तर मी येते."

मीनाताईंचं वय अडतीस. टेलिफोन एक्स्चेंजमधून थेट आल्या होत्या, अंगावर ऑफिसची साडी. बाहेरच्या बाकावर चार आया विणकाम करत बसलेल्या, त्या बघायला लागल्या. मीनाताईंनी सरांकडे पाहिलं. सर हसले नाहीत. "या ना ताई," म्हणाले, "शेवटच्या रांगेत उभ्या राहा. चप्पल तेवढी बाहेर."

पदर खोचून त्या उभ्या राहिल्या. पहिला ठोसा मारताना सर म्हणाले, "ओरडायचं. पोटातून. याला कीहाप म्हणतात. आवाज निघाला की भीती निघते." सगळी पोरं ओरडली. मीनाताईंनी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. दिवसभर कानाला हेडफोन लावून, गिऱ्हाईक कितीही खेकसलं तरी, गोड बोलायचं, त्याचाच त्यांना पगार. त्यांनी डोळे मिटले आणि ओरडल्या. हॉलच्या तुळईवर बसलेली कबुतरं फडफडत उडाली, पोरं खो खो हसली, आणि आभा आईकडे तोंड उघडं टाकून बघत राहिली. घरी जाताना मीनाताईंना इतकं हलकं वाटत होतं, की स्कूटरवरून उतरून पायी चालावं.

पुढे गंमत अशी झाली, की वर्षभरात आभा खरंच धीट झाली. इतकी, की एक दिवस तिनं स्वच्छ सांगितलं, "मला हे नको, मला बॅडमिंटन खेळायचंय." ती गेली. आई राहिली. पांढरा पट्टा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा, हिरव्याचा निळा. पाठदुखी कुठे गेली कळलं नाही. कॉलेजची पोरं त्यांना काकू म्हणायची आणि सरावाला समोर आल्या की सावध व्हायची.

घरात मात्र याचं कौतुक बेताचंच होतं. नवरा शामसुंदर वीज मंडळात लाइनमन. माणूस सरळ, पण चाकोरीतला. "हौस आहे, करते," एवढंच म्हणायचा. सासूबाई वत्सलाबाई सटाण्याकडच्या. सून पांढरे कपडे घालून लाथा मारते याचं त्यांना प्रथम नवल वाटलं. मग त्यांनी एकदा क्लासला येऊन पाहिलं आणि पुन्हा काही बोलल्या नाहीत. त्यांचे वडील जत्रेत कुस्त्या मारणारे पैलवान होते, हे मीनाताईंना ऐकून माहीत होतं. त्यापलीकडे तो विषय कधी निघाला नव्हता.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात ते घडलं. लाल पट्ट्याची तयारी चालू होती. समोर गौरांग, बीएस्सीचा विद्यार्थी, उंचापुरा. मीनाताईंना उलट फिरून मागची लाथ मारायची होती. डाव्या पायावर वजन घेतलं, कंबर फिरवली. हॉलमधल्या दोन मॅटच्या सांध्यात डाव्या पायाचा चवडा अडकला. अंग फिरलं, पाय फिरला नाही.

ऊस मोडावा तसा आवाज आला. हॉलभर ऐकू गेला. गौरांगची लाथ त्यांना लागलीसुद्धा नव्हती. तो तसाच पाय हवेत धरून उभा राहिला, मग धावत आला. मीनाताई गुडघा दोन्ही हातांनी धरून पडल्या होत्या. गौरांगनंच त्यांना उचलून रिक्षात घातलं. रिक्षात तो रडत होता आणि त्या त्याला सांगत होत्या, "अरे, तुझी काही चूक नाही. तू रडू नकोस, मला रडू येईल."

हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गुडघ्याच्या आतला लिगामेंट पूर्ण तुटलाय. जानेवारीत ऑपरेशन झालं. मांडीच्या मागची शीर घेऊन ती गुडघ्यात बसवली. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर चांगले होते, हात सोन्याचा. घरी सोडताना ते म्हणाले, "चालाल, जिने चढाल, ऑफिसला जाल. पण त्या लाथा-बिथा आता विसरा. चाळिशी आली ताई, शरीराचं ऐकायला शिका."

शामसुंदरनं ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. घरी आल्यावर पांढरा ड्रेस घडी करून कपाटाच्या वरच्या खणात टाकला. "पुरे आता," म्हणाला. "देवाची कृपा, पाय वाचला."

पाय सरळ ठेवून पलंगावर पडून राहायचं. मांडी दिवसागणिक बारीक होत चालली, डावी मांडी म्हणजे जणू दुसऱ्या कुणाची. गुडघा वाकायला तयार नाही. फिजिओथेरपीच्या बाई घरी येऊन व्यायाम दाखवून गेल्या; टाच ओढून घ्यायची, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली दाबायची. दुखणं असं, की घाम फुटायचा. दोन दिवस केलं, तिसऱ्या दिवशी मीनाताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. कशासाठी करायचं? भाजी आणण्यापुरता पाय वाकला म्हणजे झालं.

वत्सलाबाई आत आल्या. हातात तिळाच्या तेलाची वाटी. सुनेचे खांदे हलताना त्यांनी पाहिले.

"काबरं रडी राहिनी व?" त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या. "पाय मोडना शे, तू नही मोडनी."

मीनाताईंनी डोळे पुसले. म्हातारी पलंगाच्या कडेला टेकली आणि मांडीला, ऑपरेशनच्या जागेपासून लांब, हलक्या हातानं तेल लावायला लागली. लावता लावता बोलत राहिली. बापाच्या तालमीत कितीतरी गडी मोडून आलेले तिनं पाहिले होते. कुणाचा खांदा, कुणाची मांडी. बाप त्यांना तालमीतून घालवायचा नाही. रोज आखाड्याच्या कडेला आणून बसवायचा, म्हणायचा, माती बघत बस, बघता बघता अंगाला आठवण येते. "जो घरी बसला तो बसलाच," वत्सलाबाई म्हणाल्या. "उठ. टाच वढ."

त्या दिवसापासून त्याच पहारेकरी झाल्या. सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी दिवाबत्तीनंतर. मीनाताई क्लासच्या सवयीनं कोरियनमध्ये मोजायच्या: हाना, दुल, सेत, नेत. वत्सलाबाईंनी ते उचललं, पण आपल्या पद्धतीनं. "हाना, दुल, शेत, नेत." एकदा थांबून म्हणाल्या, "बाकीचं काय ते माहीत नाही, पण शेत कळतं. किती एकर आहे म्हणे?" मीनाताई इतक्या हसल्या, की टाच आपोआप वीतभर मागे आली. तेवढी ती आधी कधी आली नव्हती.

शामसुंदर हे सगळं बघत होता. शाळेचा हॉल घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. संध्याकाळी वारा इकडचा असला की पोरांचं ओरडणं ऐकू यायचं. एकदा तो कामावरून आला तेव्हा मीनाताई खिडकीत बसल्या होत्या, पाय समोरच्या स्टुलावर. हॉलमधून कीहाप आला की त्यांच्या मुठी आवळल्या जात होत्या. ओठ हलत होते. त्यांना नवरा आलेला कळलंही नाही. तो दारातूनच मागे फिरला, बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कुठूनतरी एक कप्पी आणली. दाराच्या चौकटीला वर ठोकली, तिच्यातून सुती दोरी ओवली, एका टोकाला जुन्या गादीच्या कापडाचा पट्टा शिवला पावलासाठी, दुसऱ्या टोकाला हातात धरायला लाकडी मूठ.

"हे काय?" मीनाताईंनी विचारलं.

"खांबावर सामान चढवायची रीत आहे. आपल्या हातानं दोरी ओढायची, पाय वाकतो. दुखलं की सोडायची." मग हातोडी पिशवीत ठेवता ठेवता म्हणाला, "डॉक्टरांनी नाही म्हटलंय, हे माझ्या लक्षात आहे. पण तू अशी खिडकीत बसलेली मला बघवत नाही."

कप्पीचा उपयोग झाला. फिजिओथेरपीच्या बाईंनीही ती बघून मान डोलावली. उन्हाळा संपेपर्यंत गुडघा पूर्ण वाकला. मग वाळूची पिशवी घोट्याला बांधून पाय उचलणं, मग सायकल, मग कॅनॉलच्या कडेनं चालणं. डॉक्टरांकडे तपासणीला गेल्या तेव्हा त्यांनी दोन्ही मांड्या टेपनं मोजल्या आणि पुन्हा मोजल्या. मीनाताईंनी सरळच विचारलं, "मी परत सुरू करू का?"

डॉक्टरांनी फाइल मिटली. "माझ्या मनाविरुद्ध आहे," ते म्हणाले. "पण गुडघा काही हरकत घेत नाहीये. हळूहळू करा."

सप्टेंबरात त्या क्लासला परत गेल्या. कपाटाच्या वरच्या खणातून ड्रेस शामसुंदरनंच काढून दिला. सरांनी त्यांना शेवटच्या रांगेत उभं केलं, पांढऱ्या पट्ट्याच्या पोरांबरोबर. आधी नुसते हात. मग सरळ लाथा. दिवाळीनंतर बाजूच्या. गौरांग रोज मॅटचे सांधे चिकटपट्टीनं बंद करायचा, कुणी न सांगता.

दोन हजारच्या उन्हाळ्यात त्यांनी लाल पट्टा घेतला, आणि पुढच्या वर्षी काळ्या पट्ट्याच्या परीक्षेला बसल्या. पुण्याहून परीक्षक आले होते. पूमसे, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, त्यांनी इतका सुरेख केला की परीक्षकांनी लिहिणं थांबवून पाहिलं. सरावाची झुंजही पार पडली. शेवटी फळी तोडायची होती, उलट फिरून, मागच्या लाथेनं. म्हणजे डाव्या पायावर फिरायचं.

मीनाताई उभ्या राहिल्या. फिरल्या. आणि फिरता फिरता त्यांच्या कानात तो उसाचा आवाज आला. पाय गेला, पण फळीला जाऊन नुसता टेकला, दारावर हळूच थाप मारावी तसा. परीक्षकांनी पुन्हा संधी दिली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्या फिरल्याच नाहीत.

नापास.

सगळे गेल्यावर भोये सर हॉलच्या पायरीवर त्यांच्या शेजारी बसले. "ताई, तुमचा पाय बरा झालाय," ते म्हणाले. "तुम्ही अजून त्याला आजारी धरून चाललाय."

"मला कळतंय हो सर. पण फिरताना मीच नको म्हणते. मी नाही म्हणत, आतलं कुणीतरी म्हणतं."

सर म्हणाले, "पुढच्या रविवारी गावाकडे आवणी आहे. भात लावायची. क्लासची पोरं येणारेत मदतीला. तुम्ही पण चला. तायक्वांदो नको, काही नको. नुसता बदल."

जुलैची अखेर होती. पेठच्या डोंगरात सगळीकडे पाणी वाहत होतं. सरांचं शेत उतारावर, पायऱ्या-पायऱ्यांचं. सरांची आई झुंबरबाई गुडघाभर चिखलात उभी राहून रोपांच्या मुठी फेकत होती. मीनाताईंनी साडीचा काचा मारला आणि उतरल्या. चिखल मऊ, थंड, पोटरीपर्यंत. थोड्या वेळात वाकून रोप खोवायचा हात बसला. पोरं गाणी म्हणत होती.

मागून झुंबरबाईंनी हाक मारली, "ओ बाय, ही मूठ घे!" आणि मीनाताई वळल्या. डावा पाय चिखलात रुतलेला होता. अंग फिरलं, पाय फिरला नाही.

हुबेहूब तेच. तोच पीळ, त्याच बाजूनं. मीनाताईंना सगळं संथ झाल्यासारखं वाटलं. त्या आवाजाची वाट बघत राहिल्या. बांधावर उभ्या असलेल्या भोये सरांचा चेहरा पांढराफटक पडलेला त्यांना दिसला.

आवाज आला तो फक्त 'चप्पक' असा. त्या चिखलात बसल्या होत्या, छातीपर्यंत माखलेल्या. गुडघा जागच्या जागी होता. नवी शीर ताणली गेली होती आणि धरून राहिली होती. त्यांनी पाय ओढून काढला. वाकवला. सरळ केला. काही नाही.

"लागलं का?" सर ओरडत धावले.

झुंबरबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चिखलात कोनी मोडत नाय. पडली तं पडली. ऊठ!"

मीनाताईंना हसू फुटलं. आधी बारीक, मग पोट धरून. हसता हसता रडू यायला लागलं. त्या उठल्या आणि डाव्या पायावर मुद्दाम फिरल्या. पुन्हा पडल्या. पुन्हा उठल्या. "ताई, बास!" सर म्हणत होते, पण त्या ऐकायला तयार नव्हत्या. पोरांनी रोपं खाली ठेवली आणि बघत उभी राहिली: चाळिशी उलटलेली बाई, भातखाचरात, चिखलाचे फवारे उडवत फिरून फिरून लाथा मारतेय आणि दर वेळी कीहाप देतेय. समोरच्या डोंगरावरून आवाज परत येत होता. त्या दिवशी आवणी जरा मागेच पडली. झुंबरबाई तक्रार करत होती, पण तीही हसत होती.

डिसेंबरात परत परीक्षा झाली. या वेळी हॉलमध्ये घरची सगळी होती. शामसुंदर रजा काढून आला होता. आभा बॅडमिंटनचा सराव बुडवून आलेली, आता आईपेक्षा उंच. वत्सलाबाईंनी ठेवणीतलं इरकल नेसलं होतं आणि पहिल्या रांगेतली खुर्ची कुणाला न विचारता धरली होती.

फळी धरायला कुणी यावं हे परीक्षार्थीनं सांगायचं असतं. मीनाताईंनी गौरांगला बोलावलं. तो आता नोकरीला लागला होता, तरी आला होता. त्यानं फळी छातीसमोर धरली.

"घट्ट धर रे," मीनाताई म्हणाल्या. "मी जोरात मारणार आहे."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "मार व माय, मार!" परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. मीनाताई डाव्या पायावर गर्रकन फिरल्या, टाच मागून गेली आणि फळीचे दोन तुकडे झाले. गौरांग दोन पावलं मागे गेला, हातात एक-एक तुकडा, आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू पट्टा त्यालाच मिळाला. भोये सर शिस्तीचे. परीक्षेत टाळ्या वाजवू द्यायचे नाहीत. त्या दिवशी पहिली टाळी त्यांनीच वाजवली. आभानं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. शामसुंदर उठून उभा राहिला होता आणि आपण उभे आहोत हे त्याला माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी सरांनी सकाळची बायकांची बॅच मीनाताईंच्या हाती दिली. पहिल्यांदा आल्या त्या बाहेरच्या बाकावर विणकाम करणाऱ्या दोघी. मग एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी, मग एक शिक्षिका, एक पोळीभाजी केंद्र चालवणारी, सातपूरची एक नर्स. सलवार-कमीजवर, ओढणी कमरेला बांधून. पहिल्या दिवशी प्रत्येकीला ओरडायची लाज वाटायची. मीनाताई घाई करायच्या नाहीत. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाचा खांदा, हे त्यांना बघताक्षणी कळायचं, आणि कुणाला कधी थांबवायचं, कुणाला कधी ढकलायचं हेही. मधल्या काळात त्या डॉक्टरांचाही फोन आला: ऑपरेशन झालेल्या एका बाईंना जरा भेटाल का, व्यायाम करायलाच तयार नाहीत. मीनाताई गेल्या आणि सोबत वत्सलाबाईंना घेऊन गेल्या.

दोन हजार पाचला औरंगाबादला स्पर्धा होती. पूमसेत चाळिशीपुढच्या बायकांचा वेगळा गट ठेवला होता. मीनाताईंची अख्खी बॅच गेली. त्या स्वतः पहिल्या आल्या, नर्सबाई तिसऱ्या, आणि सांघिक प्रकारात नाशिकला रौप्य. पदकं गळ्यात घालूनच सगळ्या एसटीत बसल्या. वैजापूर गेलं, येवल्याच्या अलीकडे गाडी धापा टाकत थांबली. बॅटरीही बसलेली, परत चालू होईना.

ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "गडी माणसांनी जरा उतरा, धक्का मारायचाय. बायांनी बसून राहा."

गाडीत गडी माणसं म्हणजे दोन म्हातारे आणि एक खोकणारा विमा एजंट. मीनाताईंनी मागे पाहिलं. एवढंच पुरे झालं. सगळ्या जणी खाली उतरल्या, पदकं पाठीवर टाकली, तळवे गाडीच्या मागच्या पत्र्याला टेकवले. विमा एजंटही बिचारा कडेला येऊन उभा राहिला.

"हाना!" मीनाताई ओरडल्या. "दुल! सेत!"

गाडी हलली, सरकली, गडगडली, आणि इंजिन खडखडून चालू झालं. ड्रायव्हरनं भीतीपोटी गाडी थांबवली नाही. परत बंद पडली तर काय घ्या. कंडक्टर दारात लोंबकळून ओरडत होता, "पळा, मावशी, पळा!" आणि सत्तेचाळीस वर्षांच्या मीना खैरनार सगळ्यांच्या पुढे, डांबरी रस्त्यावर पाय आपटत, चालत्या एसटीमागे धावत सुटल्या.